सौद्यातला भाव पुन्हा ऐकू येईल का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ५४. लातूरच्या आडत बाजारात सव्वीस वर्षं मुनीम आहे. लहानपणी दोन्ही कान वाहायचे. आईनं लसणाचं तेल घातलं, मोठा झाल्यावर डॉक्टर केले. उजव्या कानामागच्या हाडाचं ऑपरेशन दोनदा झालं. साधं मशीन घातलं की आठ दिवसांत कान परत वाहायला लागायचा. शेवटी सात वर्षांपूर्वी पुण्याला जाऊन उजव्या कानात आतून, मधला कान म्हणतात तिथं, इम्प्लांट बसवलं. त्यासाठी दीड एकर रान विकलं. पहिली पाच वर्षं सोनं झालं बघा. सौद्यातले भाव कळायचे, फोनवर बोलायचो. गेल्या दीड-दोन वर्षांपासून सोयाबीन बेचाळीसशेला गेलं की त्रेचाळीसशेला, ते कळत नाही. एकदा पट्टी (मालाच्या विक्रीची हिशेबाची पावती) चुकली, मालक सगळ्यांसमोर बोलले. बाहेरचं मशीन तपासून आणलं, ते ठीक आहे म्हणतात. डाव्या कानात साधं मशीन आहे, तोही कान मंदच. मला सहा वर्षांपासून साखर आहे, गोळ्या चालू आहेत. मान दुखते म्हणून आता एमआरआय आणि शेक सांगितलाय. विचारायचं एवढंच : हे इम्प्लांट किती वर्षं चालतं? माझं ऐकणं परत येईल का? घरात रोज एकच वाक्य कानावर येतं, 'रान बी गेलं आन् कान बी गेला.'
— एक वाचक, लातूर

उत्तर : भाऊ, तुमच्या दोन प्रश्नांआधी तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका गोष्टीवर येते, कारण ती थांबणारी नाही. मानेला शेक सांगितलाय तो कसला, हे आधी विचारा. फिजिओथेरपीत 'शॉर्टवेव्ह डायथर्मी' नावाचा शेक असतो. पॅड लावतात, मशीन चालू करतात आणि आतून ऊब येते. तो शेक तुम्ही घ्यायचा नाही. त्या लहरींनी इम्प्लांटचं वेटोळं आणि त्याची तार तापू शकते, आणि ती तार थेट तुमच्या आतल्या कानाच्या दाराशी गेलेली आहे. गरम पाण्याच्या पिशवीनं मान खुशाल शेका. पुढं कधी कुठलंही ऑपरेशन करायची वेळ आली, अगदी हर्नियाचं असलं तरी, 'माझ्या कानात इम्प्लांट आहे' हे डॉक्टरांना आधी सांगायचं. रक्त थांबवायला जो विजेचा चटका देतात, त्याची पद्धत अशा माणसासाठी बदलावी लागते.

एमआरआयचं उत्तर तुमच्या घरातच आहे. ऑपरेशननंतर तुम्हाला एक ओळखपत्र दिलं असेल, पाकिटात मावेल एवढं. त्यावर मॉडेलचं नाव आणि क्रमांक असतो. मधल्या कानाच्या अशा इम्प्लांटमध्ये जुनं आणि जास्त चालणारं उपकरण म्हणजे व्हायब्रंट साउंडब्रिज. तुमचंही तेच असावं असं धरून पुढचं लिहिते. त्याच्या नव्या मॉडेलला १.५ टेस्लापर्यंतच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रात, ठरावीक अटी पाळून, एमआरआय करता येतो. आधीच्या मॉडेलला मनाई आहे. तुमचं मॉडेल कोणतं आहे ते पत्रात नाही, म्हणून कार्ड शोधा. सापडलं नाही तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडून लेखी आणा. एमआरआयच्या खोलीबाहेर बसलेल्या मुलानं 'काही होत नाही काका' म्हटलं म्हणून आत जायचं नाही. आणि बाहेरचा प्रोसेसर, म्हणजे तुम्ही तपासून आणलेलं ते बाहेरचं मशीन, त्या खोलीत न्यायचाच नाही, मॉडेल कुठलंही असो.

आता किती वर्षं, ते बघू.

तुमच्या कानात जो भाग बसवलाय त्यात सेल नाही, झिजणारं चाक नाही. कानामागं कातडीखाली एक वेटोळं आणि लोहचुंबक आहे. त्यातून एक बारीक तार निघते आणि तिच्या टोकाला एक थरथरणारा तुकडा असतो, लांबी २.३ मिलिमीटर, वजन २५ मिलिग्रॅम. तिळाएवढा म्हणा. मधल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं असतात. ती शाबूत असतील तर हा तुकडा ऐरणीला पकडून बसवतात. लहानपणापासून कान वाहिलेल्या माणसाची ही हाडं बऱ्याचदा रोगानं खाल्लेली असतात, आणि तुमची तर दोन ऑपरेशनं झालेली. अशा वेळी हा तुकडा आतल्या कानाच्या गोल खिडकीवर ठेवतात. तुमचा तिथंच असण्याची शक्यता जास्त. बाहेरचा प्रोसेसर आवाज पकडतो, कातडीतून आत पाठवतो, तीळ थरथरतो आणि आतल्या कानातलं पाणी हलतं. कानाची नळी मोकळीच राहते, म्हणून तुमचा कान वाहायचा थांबला. रान विकून तुम्ही पहिली गोष्ट मिळवलीत ती ही, आणि ती आजही तुमच्याकडे आहे. घरात हे सांगा.

हे उपकरण ज्या इंजिनीअरनं काढलं, त्या जेफ्री बॉल यांना स्वतःला लहानपणापासून कमी ऐकू यायचं. पहिलं ऑपरेशन १९९६ मध्ये झुरिकला झालं. गोल खिडकीवर बसवायची पद्धत इटलीतल्या वेरोना शहरात सुरू झाली, तिचा अहवाल २००६ चा. म्हणजे ऐरणीवर बसवलेल्यांचा अनुभव तीस वर्षांच्या घरात आलाय आणि तुमच्यासारख्यांचा वीसेक वर्षांचा. युरोपात अशा रुग्णांचा पाच-दहा वर्षं पाठपुरावा करून जे छापलं गेलं, त्याचं सार मी माझ्या भाषेत सांगते. उपकरणातून मिळणारा फायदा बहुतेकांना टिकतो. आतल्या कानाची ताकद वयाप्रमाणं उतरते, आणि ती बहुतेकांची दोन्ही कानांत सारखीच उतरते, ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्याही. काही कानांत ऑपरेशनच्या बाजूला थोडी जास्त घट दिसली. काहींना दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं, कुणाचा तुकडा सरकला, कुणाची तार कातडीतून उघडी पडली, आणि थोड्यांना इम्प्लांट काढावंही लागलं. यातलं काहीही मी लपवणार नाही.

पण 'इम्प्लांट किती वर्षं चालतं' या प्रश्नात दोन खाती एकत्र झालीत, आणि तुम्ही मुनीम आहात म्हणून हे तुम्हाला लगेच कळेल. एक खातं उपकरणाचं, दुसरं नसेचं. उपकरण आवाज आत पोचवतं. तो ओळखायचं काम तुमच्या आतल्या कानाचं आणि नसेचं. ऐकू येणं कमी झालं की घरचे पहिल्या खात्यावर बोट ठेवतात, कारण त्याला पैसे पडलेत. तूट कुठल्या खात्यात आहे हे मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. मला नाही, तुमच्या सर्जनला नाही आणि बाहेरचं मशीन तपासणाऱ्या माणसालाही नाही. त्यानं फक्त प्रोसेसर तपासला.

मोजायचं कसं, ते सांगते. कानाच्या रिपोर्टचा तो चौकटीचा कागद तुम्ही पाहिलाय. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या. ही हेडफोन लावून काढलेली हवेची रेघ. त्याच्या वर कंसासारख्या खुणांची दुसरी रेघ असते, ती हाडाची. कानामागच्या हाडावर छोटा ठोकळा लावून, दुसऱ्या कानात वाऱ्यासारखा आवाज सोडून ती काढतात. तुमच्या बाबतीत सगळं गणित या हाडाच्या रेघेवर आहे, कारण ती मधला कान वगळून थेट आतल्या कानाची ताकद दाखवते. तिसरं मोजमाप म्हणजे प्रोसेसर लावून, समोर स्पीकर ठेवून किती ऐकू येतं ते. आणि चौथं, शब्द. वीस-पंचवीस मराठी शब्द ऐकवायचे आणि किती बरोबर परत म्हणता येतात ते मोजायचं.

ऑपरेशनच्या वेळचा कागद आणि आजचा कागद शेजारी ठेवा. दोन्ही कानांची हाडाची रेघ सारखीच खाली गेली असेल, तर तूट नसेच्या खात्यात आहे. त्याची कारणं असू शकतात : वय, साखर, आडतीतला आणि मळणी यंत्राचा आवाज, पूर्वी टीबीसाठी वगैरे घेतलेली काही इंजेक्शनं. फक्त उजव्याची गेली असेल, तर त्या कानात काहीतरी चाललंय, सर्जननं बघायला हवं. हाडाची रेघ जागेवरच असेल पण प्रोसेसर लावून ऐकणं खाली आलं असेल, तर दोष पोचवण्यात आहे. प्रोसेसर, त्याचा मायक्रोफोन, किंवा आतला तुकडा खिडकीपासून हलला.

मी लातुरात एकवीस वर्षं कान तपासते. मी सर्जन नाही, ऑडिओलॉजिस्ट आहे. सर्जन माणसाला ऑपरेशननंतर काही महिने बघतात; माझ्याकडं तीच माणसं वर्षानुवर्षं येतात, म्हणून माझं कपाट जुन्या कागदांनी भरलंय. इम्प्लांटवाले त्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. त्यातल्या तिघांबद्दल सांगते, ओळख न देता.

निलंग्याकडचे एक गिरणीवाले होते. 'मशीन मेलं' म्हणत आले. टेबलावरच्या दिव्याखाली मी प्रोसेसर उलटा धरला आणि भिंगातून पाहिलं. मायक्रोफोनच्या जाळीवर पीठ आणि घाम यांची पापडी जमली होती, कणकेच्या पातेल्याला खरकटं वाळून बसावं तशी. जाळी बदलली, प्रोसेसर रात्रभर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोनवर बायकोशी बोलून दाखवलं. तुमच्या आडतीत सोयाबीनचा आणि तुरीचा धुरळा दिवसभर उडतो. तुमचं मशीन ठीक आहे म्हणणाऱ्यानं जाळी बदलली का, हे मला माहीत करून घ्यायचंय.

दुसरा, तरुण पोरगा. हाडाची रेघ सहा वर्षं तसूभर हलली नव्हती, प्रोसेसर नवा, तरी ऐकणं वीस डेसिबलनं (आवाज किती मोठा, त्याचं माप) उतरलेलं. तुकडा सरकला होता. पुन्हा ऑपरेशन झालं, बरंचसं परत आलं, सगळं नाही.

तिसऱ्या अंबाजोगाईच्या निवृत्त शिक्षिका. त्यांची नऊ वर्षांची नऊ कागदं मी टेबलावर ओळीनं मांडली होती. दोन्ही कानांच्या हाडाच्या रेघा हातात हात घालून उतरत होत्या, जिना उतरावा तशा. त्या कागदांकडं बघत बसल्या आणि म्हणाल्या, 'म्हणजे ऑपरेशन फसलं नाही.' नऊ वर्षं त्या स्वतःला दोष देत होत्या, पैसे मुलीच्या लग्नाला ठेवायला हवे होते म्हणून. त्यांच्या प्रोसेसरचं प्रोग्रामिंग, म्हणजे आवाजाची जुळणी, आम्ही नव्यानं केलं, बारीक आवाजांची ताकद वाढवली, आणि शब्दांच्या चाचणीत त्या पुष्कळ वर आल्या. भाऊ, तुमची साखर आणि तुमचं वय पाहता मला तुमचीही गोष्ट याच वळणाची वाटते. पण वाटणं आणि मोजणं यात फरक आहे.

या उपकरणालाही मर्यादा आहे. मधल्या कानाच्या दोषासाठी बसवलेल्या साउंडब्रिजला हाडाची रेघ साधारण ५०० हर्ट्झला (हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या उंच-खालच्या पट्टीचं माप) ४५ डेसिबल, १००० ला ५०, २००० आणि ४००० ला ६५ डेसिबलपर्यंत असेल तर काम करता येतं. तुमची रेघ या आतली असेल, तर प्रोग्रामिंग बदलून पुष्कळ हाती येईल. त्याच्या बऱ्याच खाली गेली असेल, तर प्रोसेसर कितीही नवा आणला तरी उपयोग थोडा, आणि मग कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे आतल्या कानात तार घालून थेट नसेला विजेचे संकेत देणाऱ्या उपकरणाचा, विचार सर्जनबरोबर करायचा. म्हणून हा आकडा कळण्याआधी नव्या प्रोसेसरवर एक रुपया घालू नका. हे मी पोटतिडकीनं लिहितेय, कारण नवा प्रोसेसर काही लाखांत जातो आणि तुमच्याकडं विकायला आता दुसरं रान आहे की नाही मला ठाऊक नाही.

गेलेली नस परत येते का? नाही. जे उरलंय त्याचा पुरेपूर वापर करता येतो, एवढंच मी म्हणेन, आणि ते थोडं नसतं. साखर आटोक्यात ठेवा, तिचा आतल्या कानाशी संबंध आहे. सोयाबीनच्या काढणीत मळणी यंत्राजवळ जायची वेळ आली तर प्रोसेसर काढून खिशात ठेवा. चुंबकाखालची कातडी आठवड्यातून एकदा घरच्यांना दाखवा. लाल झाली, दुखली, तर चुंबकाची ताकद कमी करून घ्यायची, जखम होईपर्यंत थांबायचं नाही. वर्षातून एकदा कान तपासून घ्या, हाडाच्या रेघेसकट. हवेचीच रेघ काढून कागद हातात देत असतील तर हाडाची मागून घ्या. ही तपासणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागातही होते.

आणि सौद्याचं. हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. 'बेचाळीसशे' आणि 'त्रेचाळीसशे' हे शब्द म्हणून बघा. 'चाळीसशे' दोघांत सारखं. पुढचा 'ए' स्वरही सारखा. फरक फक्त 'ब' आणि 'त्र' एवढाच, क्षणभराच्या व्यंजनाचा. नस अशक्त झाली की आधी जातात ती बारीक, उंच पट्टीची व्यंजनं. स्वर मागं राहतात. त्यात बाजाराचा गोंगाट. तुमचा कानच नव्हे, हा शब्दच तुमच्या विरोधात आहे. आता 'चार हजार दोनशे' आणि 'चार हजार तीनशे' म्हणून बघा. 'दो' आणि 'ती' यांचे स्वरच वेगळे, ओठही वेगळे हलतात. मालकांना सांगा, भाव बोलताना हजार-शेकड्यात बोला, आणि पट्टी करण्याआधी तुम्ही तो मोठ्यानं परत म्हणा. सव्वीस वर्षं ज्यांचा हिशेब सांभाळला, त्यांना एवढं मागायला संकोच नको. सौद्याच्या वेळी बोली लावणारा तुमच्या उजव्या बाजूला आणि उजेडात राहील असं उभं राहा.

ऑपरेशनच्या वेळचा कागद घेऊन या. तो नसेल तर पुण्याहून मागवा. तुमचा रिपोर्ट मिळणं हा तुमचा हक्क आहे. जोडीनं या. तुमच्या घरच्यांना तो कागद मला स्वतः समजावून सांगायचाय.

प्रश्न : माझं वय ४१. बारा वर्षांपूर्वी डाव्या कानात पिस्टन (घट्ट झालेल्या रिकिबीच्या जागी बसवतात तो तुकडा) बसवला. तेव्हापासून छान ऐकू येतं, पण वर्षभरात थोडं कमी वाटतंय. पिस्टनची मुदत असते का? कंबरेचा एमआरआय चालेल का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, तुमचं ऑपरेशन वरच्या भाऊंपेक्षा पुष्कळ जुन्या घराण्यातलं. रिकीब घट्ट होऊन बसते, ती काढून तिथं टेफ्लॉनचा तुकडा बसवायचं काम अमेरिकेत जॉन शे यांनी १९५६ मध्ये केलं. पिस्टनला औषधासारखी मुदत नसते. बिघडतं ते त्याच्या आजूबाजूला. पिस्टनचा हूक ऐरणीच्या ज्या दांड्याला धरून असतो तो दांडा काहींचा हळूहळू झिजतो, कधी पिस्टन थोडा सरकतो, कधी हाड पुन्हा वाढतं. किंवा वरच्या उत्तरात लिहिली ती नसेची उतरण असते. तुम्हीही दोन्ही रेघा काढून घ्या. हवा आणि हाड यांत परत अंतर पडलं असेल तर सर्जनना दाखवा. दुसऱ्या ऑपरेशनचं यश पहिल्याएवढं नसतं, म्हणून घाई नको. दुसऱ्या कानावर मशीन असेल तर ते वापरत राहा.

एमआरआयची काळजी करू नका. पिस्टन टेफ्लॉनचे, टायटॅनियमचे किंवा चुंबकाला न लागणाऱ्या धातूचे असतात. चुंबकाला लागणाऱ्या पोलादाचे काही पिस्टन १९८७ मध्ये बाजारातून परत मागवले गेले होते, तुमचं ऑपरेशन त्याच्या किती तरी नंतरचं. तरी डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या.

एक मात्र लक्षात ठेवा. एखाद्या दिवशी अचानक गरगरलं आणि त्याच कानाचं ऐकणं एकदम गेलं, तर 'पित्त झालं' म्हणून घरी पडून राहू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडं जा, परभणीत जमलं नाही तर गाडी करून नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठा.